देवी मेल्यावर धर्मसत्ता कशी टिकवायची : फँटसी लिहिणाऱ्यांसाठी

देवीला मारणं हे एका प्रकरणाचं काम. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, देऊळ उघडायचं की बंद ठेवायचं या प्रश्नापासून. बहुतेक हस्तलिखितं इथे दोनपैकी एका खड्ड्यात पडतात. एकतर तिसऱ्या दिवशी राज्य कोसळतं आणि सगळी प्रजा एकाएकी नास्तिक होते, नाहीतर काहीच बदलत नाही आणि वाचक विचारतो, मग ही देवी इतकी शतकं करत काय होती? दोन्हींचं कारण एकच. लेखकानं देवीवरची श्रद्धा रंगवलेली असते, देवीचं काम लिहिलेलं नसतं.

श्रद्धा चिवट असते, तिची फार काळजी करू नका. खरी पोकळी पडते ती वादात शेवटचा शब्द कोणाचा, या जागी. पाऊस, आजारपण, तटबंदी यांना बरावाईट पर्याय निघतो. शेवटच्या शब्दाला वेळेत वारस मिळाला तर धर्मसत्ता तगते. नाही मिळाला तर कोठारं भरलेली असतानाही फुटते.

मृत्यूचे तपशील आधी पक्के करा

लिहायला बसण्याआधी चार उत्तरं कागदावर हवीत. प्रेत आहे का? शक्ती एका क्षणात तुटली की ओसरत जाते आहे? मृत्यू कोणी पाहिला? आणि देवी मेली कशानं?

प्रेत असेल तर ते राज्यातली सगळ्यात मोठी राजकीय वस्तू होतं. त्याला पहारा लागतो, ते कुजतं की नाही हे ठरवावं लागतं आणि त्याचा तुकडा मिळवायला शेजारची राज्यं सोनं मोजतात. प्रेत नसेल तर पुजाऱ्यांना बोलायला जागा मिळते, पण ‘देवी अमुक डोंगरात दिसली’ ही अफवाही कोणाला खोडता येत नाही. कारणाचं म्हणाल, तर परक्या शत्रूनं मारलेली देवी राज्याला काही वर्षं एकत्र ठेवते, कारण सैन्याला कारण मिळतं. म्हातारपणानं मेलेली देवी सगळ्यात वाईट. देव म्हातारे होतात हे एकदा कळलं की शेजारचे देवही संशयात येतात आणि तिथले पुजारीच तुमच्या राज्याचे वैरी होतात.

शक्ती एका क्षणात तोडू नका, ओसरू द्या, आणि प्रत्येक गोष्ट वेगळ्या वेगानं ओसरू द्या. यात हिशेब करायला चुकू नका. समजा, देवीचं संरक्षक कवच राजधानीभोवती ६० किलोमीटर त्रिज्येचं आहे आणि रोज १०० मीटर आत सरकतं. ते ६०० दिवस पुरेल, हे सगळ्यांना दिसतं. पण वर्तुळाचा कडेचा पट्टा सगळ्यात मोठा असतो. पहिल्याच दिवशी सुमारे ३८ चौरस किलोमीटर मुलूख उघड्यावर पडतो. पाच-सहा चौरस किलोमीटरला एक गाव धरलं तर रोज सहा-सात गावं. म्हणजे महिन्याभरात दोनशेच्या आसपास गावांना देवी गेल्याचं कळलेलं असतं आणि राजधानीत मात्र अजून पूजा व्यवस्थित चालू असते. विस्थापितांचे लोंढे वेशीवर आणि आत उत्सव, हे दृश्य कल्पनेनं शोधावं लागत नाही, गुणाकारातून आपोआप निघतं.

देवीच्या कामांची यादी

एका कागदावर चार रकाने आखा : काम, ते पृथ्वीवर कोणाच्या हातून होतं, त्याच्यावाचून किती दिवस भागेल, आणि ते कोण उचलू शकेल. पाऊस, रोग आणि युद्ध सगळेच लिहितात. तीन कामं हमखास राहून जातात.

पहिलं, शपथ. देवीच्या नावानं खोटी शपथ घेणाऱ्याची जीभ काळी पडत असेल, तर त्या राज्यात साक्षीपुराव्याचा कायदा कधी वाढलेलाच नसणार. गरजच पडली नाही. व्यापाऱ्यांनी करार लेखी केलेले नसतील, जमिनीच्या हद्दी मोजलेल्या नसतील, कर्ज तोंडी असेल. देवी मेल्यावर पहिला माणूस खोटं बोलून निभावून नेतो, तो दिवस तुमच्या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. तो लढाईच्या प्रसंगाइतका तपशिलात लिहा. बाजाराच्या ओट्यावर उभा राहून तो म्हणतो, ‘मी पैसे दिलेत.’ पंच त्याच्या तोंडाकडे बघतात. तो जीभ बाहेर काढून दाखवतो. गुलाबी. ज्यानं खरंच पैसे घेतलेले नाहीत तो सावकार तिथेच उभा आहे, आणि जमलेल्या लोकांनी आता कोणावर विश्वास ठेवायचा? सावकार खोटा, असंच सगळे म्हणणार. देवी मेली हे माहीत नसलेल्या राज्यात पहिले काही महिने खरं बोलणारेच शिक्षा भोगतात.

दुसरं काम, मेलेल्यांची सोय. आत्मे देवीकडे जात असतील तर आता कुठे जातात? उत्तर काहीही ठेवा, पण ठेवा. आईबाप गमावलेल्या माणसाला पावसापेक्षा हा प्रश्न मोठा असतो आणि बंड करणारा पहिला पंथ इथूनच उठतो.

तिसरं, नेमणुका. मोठा महंत देवी स्वतः निवडत असेल, तर निवडणुकीची काही रीतच नसणार. अमर देवीच्या राज्यात वारसाहक्काचा कायदा कोणी लिहीत नाही. याकडे पुढे वळू.

यादी करताना देवस्थानाचा आकारही धरा. तिसऱ्या रामसेसच्या काळात इजिप्तमधल्या अमूनच्या देवस्थानांकडे ८६ हजारांहून जास्त माणसं आणि ४ लाख २१ हजारांहून जास्त गुरं असल्याची नोंद एका पपायरसावर आहे. इतक्या मोठ्या कारभारातल्या बहुतेकांनी देवाला कधी पाहिलेलं नसतं. त्यांचा देव म्हणजे महिन्याचं धान्य. ते वेळेवर मिळत राहिलं तर गुराखी, विणकर आणि कोठीवाले बराच काळ प्रश्न विचारत नाहीत, आणि धर्मसत्तेला पहिलं वर्ष काढून देणारी माणसं हीच.

लपवायचं असेल तर तेलाचा हिशेब ठेवा

मृत्यू लपवणं हा पुजाऱ्यांचा पहिला विचार असणार. इतिहासात तो दोनदा तरी मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाला. इसवी सनापूर्वी २१० मध्ये चीनचा पहिला सम्राट दौऱ्यावर असताना मेला. सोबतच्यांनी बंद रथात जेवण पाठवणं चालू ठेवलं, आतून हुकूम येत राहिले आणि वास लपवायला रथांत मासे भरले. त्या अवधीत खोटा हुकूम काढून थोरल्या मुलाला आत्महत्या करायला लावली. तीन-चार वर्षांत राजवंशच संपला. दुसरं उदाहरण तिबेटचं. पाचवे दलाई लामा १६८२ मध्ये वारले. त्यांचा कारभारी सांग्ये ग्यात्सो यानं १५ वर्षं ते दीर्घ ध्यानात आहेत असं सांगितलं, पाहुण्यांपुढे त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या एका भिक्षूला बसवलं आणि पोताला राजवाड्याचं बांधकाम पुरं करून घेतलं.

तिबेटचं प्रकरण फसलं ते गुपित फुटल्यामुळे नाही, हे नीट बघा. नवा अवतार १६८३ मध्ये जन्मलेला होता, पण त्याला गुपचूप वाढवावं लागलं. जाहीर गादीवर बसवला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. १७०२ मध्ये त्यानं भिक्षूची व्रतंच परत केली. १७०५ मध्ये कारभारी मारला गेला आणि पुढच्या वर्षी त्या तरुणालाही गादीवरून काढलं. लपवालपवीनं वेळ मिळतो, पण त्याच वेळात वारस तयार करण्याचं काम उघडपणे करता येत नाही. तुमच्या पुजाऱ्यांपुढेही हाच पेच ठेवा.

आता व्यवहार. गुपित किती जणांना कळल्याशिवाय राहत नाही? मोठा महंत, पाळीपाळीनं गाभारा सांभाळणारे तिघे, वस्त्रं बदलणारी एक, कौल वाचणारा एक, कोठीवाला एक. सात. यातला सगळ्यात धोक्याचा कोठीवाला, कारण त्याच्याकडे वह्या असतात.

समजा, गाभाऱ्यातल्या १०८ समया देवीच्या शक्तीनं, तेलावाचून जळत होत्या. आता त्या पेटत्या ठेवायला हव्यात. एका वातीला तासाला १० मिलिलिटर तेल धरलं तर एका समईला दिवसाला २४० मिलिलिटर, १०८ समयांना सुमारे २६ लिटर, महिन्याला ७८० लिटर. हे तेल कुठल्या घाण्यावरून आलं? कोणत्या दारानं आत गेलं? वहीत कशाच्या नावावर टाकलं? आणि एवढं करूनही छताचं काय? तीनशे वर्षं स्वच्छ असलेल्या दगडावर दोन महिन्यांत काजळीचा गोल डाग उमटतो. रात्री कोणीतरी शिडी लावून तो पुसतं. पुसलेल्या जागी दगड उजळ दिसतो, म्हणजे सगळं छतच पुसावं लागतं. सकाळी झाडलोट करणाऱ्या बाईच्या फडक्याला जमिनीवरून काळं लागतं. ती कोणाला काही बोलत नाही, पण फडकं धुवायला घरी नेते.

लपवण्याच्या प्रसंगात असं बारीक तपशिलाचं एकच काम करा, दहा नको.

जाहीर करायचं ठरलं तर बातमीचा वेग मोजा. तांडा दिवसाला २५ ते ३० किलोमीटर चालतो. घोडे बदलत जाणारा जासूद दीडशे-दोनशे किलोमीटर गाठतो. सरहद्द ३०० किलोमीटरवर असेल तर ठाणेदाराला दोन दिवसांत कळवता येतं, व्यापाऱ्यांकडून बातमी पलीकडे जायला दहा-बारा दिवस लागतात. मधले आठ-दहा दिवस हीच तुमच्या राज्याची पहिली आणि शेवटची आघाडी. त्यात ठाणी भरायची, सेनापतींकडून नवी शपथ घ्यायची आणि घोषणा सगळीकडे एकाच दिवशी वाचली जाईल असं बघायचं.

शेवटचा शब्द

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

वारसाचा कायदा नाही, म्हणून महंतांनी नवा कायदा करायचा असं लेखकांना वाटतं. पण नवा कायदा करण्याचा अधिकार देवीचाच होता. जो कोणी नवा नियम सांगेल त्याला पहिला प्रश्न येणार, तुला कोणी सांगितलं? म्हणून नवा नियम करूच नका. जुना असा नियम शोधा, जो देवी तात्पुरती गप्प असतानाच्या दिवसांसाठी होता. अनेक धर्मांत तो असतो : देव निद्रिस्त असतो ते महिने, ग्रहणाचा काळ, देवीची यात्रा, गाभारा दुरुस्तीला काढल्यावरची व्यवस्था. त्या दिवसांत निर्णय कोण घेत होतं? बहुधा कोणीतरी दुय्यम, कंटाळवाणा अधिकारी, ज्याच्याकडे फक्त ‘जुनं चालू ठेवा, नवं काही करू नका’ एवढाच अधिकार होता. आता तीच तात्पुरती व्यवस्था ताणली जाते, महिना, वर्ष, मग कायमची. कायदा मोडलेला नसतो. देवी नुसती उठलेली नसते.

या व्यवस्थेची दुखणीही नेमकी असतात. तात्पुरत्या अधिकाऱ्याला मृत्युदंड देता येत नाही, तह करता येत नाही, जमीन विकता येत नाही, सण बदलता येत नाही. म्हणजे पहिला दुष्काळ, पहिला खून आणि पहिलं युद्ध यांत तो अडकतो. तीन प्रसंग, तीन प्रकरणं.

रोमच्या पोपगादीनं हाच प्रश्न शतकानुशतकं सोडवला आहे. गादी रिकामी असताना काही नवं करायचं नाही, हा तिथला दंडक. मेलेल्या पोपची अंगठी निकामी करतात, कारण तिचा शिक्का मारून खोटे हुकूम निघू शकतात. तुमच्या देवीचा शिक्का काय होता आणि तो कोणी फोडला, हे लिहायला विसरू नका. १२६८ मध्ये पोप वारल्यावर व्हितेर्बो गावी जमलेल्या कार्डिनलांनी जवळजवळ तीन वर्षं निवड केली नाही, शेवटी गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं. निवडून आलेल्या दहाव्या ग्रेगरीनं १२७४ मध्ये नियमच केला : तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवसांनी फक्त पाव, पाणी आणि वाइन. धर्मसभेचा घोळ लिहिताना असा पोटाशी जोडलेला नियम हजार शब्दांच्या तत्त्वचर्चेपेक्षा जास्त काम करतो.

अधिकार एकगठ्ठा कोणाच्या हाती जाऊ देऊ नका, हे शिया परंपरेवरून शिकण्यासारखं आहे. बारावे इमाम, म्हणजे शियांचे सर्वोच्च धर्मनेते, ८७४ पासून दृष्टीआड झाले असं ही परंपरा मानते. ९४१ पर्यंत एकामागून एक चार प्रतिनिधी त्यांच्या वतीनं बोलत होते. त्यानंतर प्रतिनिधीही नाही. मग इमामांची कामं, न्याय, दानाच्या पैशाचा विनियोग, शुक्रवारची नमाज, ही धर्मपंडितांकडे एकेक करत, शतकानुशतकं वाद घालत गेली. तुमच्या राज्यातही कौल एकाकडे जाऊ द्या, खजिना दुसऱ्याकडे, मृतांचे विधी तिसऱ्याकडे. मग त्या तिघांचं जमत नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

लोकांना सांगायचं काय

पर्याय भरपूर आहेत, पण प्रत्येकाची किंमत ठरलेली आहे. मोजकेच तपशिलानं घेतो.

पुनर्जन्म हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात धोक्याचा. कुठेतरी एक मुलगी जन्मली आहे, एवढं म्हटलं की चौदा-पंधरा वर्षांची कारभाऱ्याची राजवट आलीच, आणि इतकी वर्षं सत्ता भोगलेला माणूस ती मुलीच्या हाती देत नाही. शिवाय चमत्कार बंद झालेले असल्यामुळे खरी मुलगी ओळखायची कशी? ओळखीच्या वस्तू, जुन्या आठवणी, अंगावरची खूण, या सगळ्या गोष्टी शिकवता येतात. दोन प्रांतांनी दोन मुली पुढे केल्या की राज्याची फाळणी झाली म्हणून समजा.

ग्रंथ हा जास्त टिकाऊ मार्ग. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेड इथे देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवलं. इथे लेखक एक गोष्ट सोडून देतात. ग्रंथ नव्या प्रश्नावर आपणहून बोलत नाही. अठराव्या शतकात खालसा अकाल तख्तापुढे जमून ग्रंथाच्या साक्षीनं सामूहिक निर्णय घेत असे. ग्रंथ आणि सभा अशी जोडी लागते. नुसता ग्रंथ ठेवलात तर त्याचा अर्थ लावणारा माणूसच देवी होऊन बसतो.

विधी बदलणं हा तिसरा मार्ग आणि यात सत्तेचे पत्ते पूर्ण पिसले जातात. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी ज्यूंचं जेरुसलेममधलं मंदिर जाळलं. बळी द्यायला जागाच उरली नाही. याव्ने या गावी धर्मपंडित योहानान बेन झक्काई आणि त्यांच्या वर्तुळानं बळीच्या वेळांना प्रार्थना जोडली, मंदिरातल्या काही प्रथा बाहेर आणल्या. धर्म टिकला, पण पुरोहितांच्या घराण्यांकडे मान उरला आणि अधिकार पंडितांकडे गेला. हे सूत्र म्हणून वापरा : विधी बदलला की जुने पुजारी हरतात आणि जे विधी समजावून सांगतात ते जिंकतात. म्हणून तुमचे पुजारी हा मार्ग शेवटपर्यंत अडवणार. वेदपाठशाळेतले तरुण तो लावून धरणार.

‘देवीनं आपल्यासाठी प्राण दिले’ हा सिद्धांत मृत्यूनंतर लगेच चालत नाही, त्याला एखादा विजय किंवा टळलेलं संकट लागतं. आणि भाकीत खोटं ठरल्यावर तारीख बदलू नका, जागा बदला. २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्त येईल असं मानणाऱ्या अमेरिकेतल्या विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांची निराशा झाली. त्यांतल्या एका गटानं म्हटलं, तारीख बरोबर होती, घटना पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गात घडली. त्या गटाचं १८६३ मध्ये रीतसर चर्च झालं. स्वर्गात घडलेली गोष्ट कोणी तपासायला जात नाही.

चौथा मार्ग फँटसीत क्वचित दिसतो : राज्यानं स्वतःच देव सोडणं. हवाईमध्ये मे १८१९ मध्ये पहिला कामेहामेहा वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा मुलगा लिहोलिहो सगळ्यांसमक्ष बायकांच्या पंगतीला जेवायला बसला, जे कापूच्या, म्हणजे तिथल्या धार्मिक निषेधांच्या, नियमांनी निषिद्ध होतं. मागे होत्या राजमाता केओपुओलानी आणि सत्तेची भागीदार काआहुमानू. मूर्ती जाळायचे, देवळं पाडायचे हुकूम सुटले. युद्धदेवाचा सांभाळ ज्याच्याकडे होता तो चुलतभाऊ केकुआओकलानी उठला आणि डिसेंबरात कुआमोओच्या लढाईत मारला गेला. मिशनरी आले ते पुढच्या वर्षी, १८२० मध्ये. राज्य टिकलं, देव गेले. यात दोन गोष्टी उचला. चाळीस वर्षं खलाशी नियम मोडत होते आणि त्यांना काही होत नव्हतं, म्हणजे जमीन आधीच भुसभुशीत होती. आणि नियम मोडणाऱ्यांत पुढाकार होता तो नियमांनी सगळ्यात जास्त जखडलेल्या, पण सत्तेच्या जवळ असलेल्या स्त्रियांचा. तुमच्या राज्यात अशी माणसं कोण, ते शोधा.

देवीच्या नावावरची जमीन

जमीन, सोनं, कर्ज हे सगळं देवीच्या नावावर असेल तर ती मेल्यावर मालक कोण? भारतीय कायदा देवाला कायदेशीर व्यक्ती मानतो आणि वहिवाटदार त्याच्या वतीनं कारभार बघतो. मूर्ती नष्ट झाली तरी दान ज्या हेतूनं दिलं तो हेतू संपत नाही, म्हणून मालमत्ताही बेवारस होत नाही, अशी इथल्या न्यायालयांची भूमिका आहे. तुमच्या राज्यातला एखादा हुशार कारकून हाच युक्तिवाद करेल. मालक देवी नव्हतीच, देवीची सेवा हा हेतू मालक होता! त्याचा हा एक कागद अख्ख्या सैन्यापेक्षा जास्त देवस्थान वाचवतो. दुसरीकडे, देवीला वंशज असतील, किंवा जमीन दान देणाऱ्या घराण्यांनी ‘देवी नाही तर दान परत’ म्हटलं, तर दहा वर्षांचे खटले तयार.

सोन्याला हात लावायची सोय असू द्या. अथेन्समधल्या अथेनाच्या मूर्तीवर ४० टॅलेंट, म्हणजे सुमारे एक टन सोनं होतं आणि ते काढता येईल असंच बसवलं होतं. अथेन्सचा नेता पेरिक्लिस यानं युद्धाच्या तयारीत ते मोजून दाखवलं, परत भरण्याच्या बोलीवर. अथेन्स अथेनाच्या खजिन्यातून व्याजानं कर्जही घेत असे. धनको मेला की ऋणको खूश होतो, त्यामुळे राजघराणं देवीचं कर्जदार असेल तर तिचा मृत्यू पहिल्यांदा जाहीर करणारा कोण, हे सांगायला नको.

धान्याचंही एकदा बघून घ्या. ४० हजार वस्तीच्या राजधानीला माणशी ६०० ग्रॅम धरून रोज २४ टन धान्य लागतं, अर्ध्या टनाच्या ४८ गाड्या. यातला किती भाग यात्रेकरू आणि दूरच्या इनाम गावांकडून येत होता? यात्रा बंद पडली की तेवढ्या गाड्या कमी. धर्मसत्ता तत्त्वज्ञानावर फुटायच्या आधी वेशीवर गाड्या मोजताना फुटते.

दुसरी पिढी

चमत्कार डोळ्यांनी पाहिलेली माणसं वीस ते पन्नास वर्षांत संपतात. त्याआधी आठवणी गोळा करणारं कोणीतरी हवं. महानुभाव पंथाचं उदाहरण यासाठी फार उपयोगी. चक्रधरस्वामी गेल्यावर नागदेवाचार्यांनी पंथ सांभाळला. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यानं जे पाहिलं त्याच्याकडून स्वामींच्या लीळा मिळवल्या आणि नागदेवांशी पडताळल्या. पुढे मूळ पोथी हरवली, स्मरणातून पुन्हा लिहिली गेली आणि त्यातून वेगवेगळे पाठ तयार झाले. संस्कृतात लिहायला नागदेवांनी नकार दिला, कारण मग म्हाताऱ्या बायांना ते कळलं नसतं. तुमच्या राज्यात देवीच्या आठवणी कोणत्या भाषेत लिहिल्या गेल्या? दरबारी भाषेत लिहिल्या तर त्या पंडितांच्या झाल्या. बाजाराच्या भाषेत लिहिल्या तर प्रत्येक गावाला आपला पाठ मिळाला आणि शेवटचा शब्द पुन्हा विखुरला. दोन पाठांतला फरक एका शब्दाचा ठेवा, पण तो नेमका अधिकाराबद्दलचा असू द्या : देवी शेवटी ‘सांभाळा’ म्हणाली की ‘थांबा’?

हस्तलिखित तपासताना

तीन माणसं निवडा : सरहद्दीवरचा शेतकरी, राजधानीतला कोठीवाला, शेजारच्या राज्याचा वकील. प्रत्येकाला देवी मेल्याचं कोणत्या दिवशी आणि कशावरून कळलं, ते लिहा. तिन्ही तारखा सारख्या आल्या तर तुम्ही बातमीचा वेग विसरलात. कारण तिघांनाही ‘भूकंप झाला, आकाश काळं झालं’ असं एकच असेल तर चिन्हं कमी करा. एवढं मोठं चिन्ह सगळा पेच एका रात्रीत संपवतं.

महंताला खलनायक केला असेल तर त्याच्या तोंडी एकदा तरी बरोबर निर्णय द्या. त्याच्याइतकी माहिती असलेला माणूस राज्यात दुसरा नसतो आणि तो दर वेळी चुकला तर लेखकाचा हात दिसतो. उरलेली शक्ती किती आहे याची एक वही वेगळी ठेवा. प्रत्येक वेळी कोणी देवीचं तीर्थ, आशीर्वाद दिलेलं शस्त्र किंवा राहिलेला मंत्र वापरला की त्यातून वजा करा. तिसऱ्या भागात ९,००० पळ्या तीर्थातून रोज ४० पळ्या जात असतील तर ते २२५ दिवसांत संपायला हवं. चारशेव्या दिवशी नायकाची जखम त्यानं भरत असेल तर एकतर ती पळी कोणीतरी चोरून ठेवली होती हे आधी पेरा, नाहीतर जखम तशीच ठेवा.